सबबींच्या वह्या

सरांकडे सात वह्या होत्या. लांबट, दोनशे पानी, लाल कापडी पाठीच्या. सहा भरलेल्या, सातवी अर्धी. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले चार रकाने: तारीख, कोणी, कोणाविरुद्ध आणि सबब. कुठल्याही देशाने दुसऱ्याची हद्द ओलांडली, जहाज अडवलं, वकिलातीत माणसं घुसवली, केलेला करार मोडला, की सर त्याची नोंद करत. पहिले तीन रकाने वर्तमानपत्र वाचून लगेच भरायचे. चौथ्यासाठी ते चार-चार दिवस थांबायचे. त्या देशाने आपल्या कृत्याचं काय कारण दिलं, ते शब्दशः हाती आल्याशिवाय लिहायचे नाहीत.

"जगाच्या सबबी जमवतात," काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणायच्या. "आणि दळण का आणलं नाही विचारलं, की यांच्याकडे एक सबब नसते."

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदारांचे काटे तपासायचे, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर जप्त करायचे, हे माझं काम. बढतीसाठी कायद्याच्या पदवीचा उपयोग होईल म्हणून नोकरी सांभाळून जळगावला कॉलेजच्या सकाळच्या वर्गाला नाव घातलं. तिथे सर आंतरराष्ट्रीय कायदा शिकवत. पटावर साठ नावं, वर्गात नऊ माणसं. हा विषय पास होण्यासाठी शेवटच्या आठवड्यात गाइड पुरतं, असा सगळ्यांचा अनुभव होता.

पहिल्याच दिवशी पहिल्या बाकावरच्या एकाने विचारलं, "सर, याची केस जळगाव कोर्टात कधी लागणार?"

"कधीच नाही," सर म्हणाले. "म्हणून तर शिकायचा. जिथे कोर्ट आणि पोलीस आहेत तिथे कायदा पाळायला अक्कल लागत नाही. भीती पुरते."

मग त्यांनी प्रत्येकाला काय करतो ते विचारलं. मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"किलो म्हणजे किती?"

"हजार ग्रॅम."

"ते कोणी ठरवलं?"

"सरकारने."

"कुठल्या?"

सर वर्गाकडे वळले. "दीडशे वर्षांपूर्वी काही देश एकत्र बसले आणि त्यांनी वजनं-मापं सारखी ठेवायचा करार केला. त्यानंतर त्याच देशांनी एकमेकांशी दोन महायुद्धं केली. शहरं जाळली. पण किलो कोणी बदलला नाही. हा माणूस रोज भाजीबाजारात आंतरराष्ट्रीय कायदा राबवतो आणि याला पत्ता नाही."

नोकरीत मला इतका मान तोपर्यंत कोणी दिला नव्हता. नंतरही नाही. मी सरांचा झालो तो त्या दिवसापासून.

सर राहायचे धुळ्याला, देवपुरात. एकतीस वर्षं त्यांनी धुळे ते जळगाव एसटीने ये-जा केली. जळगावात घर का घेत नाही विचारलं तर म्हणायचे, "माझा अर्धा विषय मी एसटीत शिकवतो." हे खरं होतं. गाडी स्टँडवर लागली की लोक खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरतात. सरांना हे मान्य नव्हतं. "बेटावर झेंडा रोवून बेट आपलं होत नाही. तिथे जाऊन राहावं लागतं. तसंच रुमालाचं. रुमाल हा नुसता दावा. ताबा वेगळा." आणि ते रुमाल उचलून, घडी करून, मांडीवर ठेवून त्या जागेवर बसत.

एकदा मी बरोबर होतो. धुळ्याच्या स्टँडवर गाडी सुटता सुटता एक धिप्पाड गृहस्थ चढले आणि सरांसमोर उभे राहिले.

"गुरुजी, हाऊ रुमाल मना शे. उठा."

"रुमाल तुमचाच आहे. हा घ्या," सर म्हणाले. "जागेवर ताबा माझा आहे."

"मी कवय टाकेल शे रुमाल. बठ्ठा लोकेसनी देखं."

"लोकांनी रुमाल पाहिला. तुम्हाला बसलेलं कोणी पाहिलं का?"

गाडीत हशा पिकला. तो गृहस्थ हसला नाही. आणखी वाद न घालता तो शांतपणे सरांवरच बसला. अर्धा त्यांच्या मांडीवर, अर्धा माझ्या. सर उठून उभे राहिले आणि एरंडोलपर्यंत दांडी धरून मला समजावत राहिले. "बघितलंस? पहिल्यांदा त्यानेही कारणच दिलं. रुमाल माझा, लोक साक्षीदार. म्हणजे नियम आहे हे त्यालाही मान्य. ताकद नंतर वापरली." त्यांना जागा गेल्याचं काही नव्हतं. त्या माणसाने आधी कारण दिलं यातच ते खूश होते.

सरांचा सगळा विषय एवढ्यावर उभा होता. ते म्हणायचे, "कायदा मोडला गेला म्हणून मेला असं नसतं. मोडणाऱ्याकडे बघा. तो कारण देतोय का? 'स्वसंरक्षणासाठी केलं', 'तिथल्या सरकारनेच बोलावलं', 'आमच्या नागरिकांच्या जिवाला धोका होता'. खोटं असेल. पण खोटं बोलायची गरज वाटते ना? ज्याला सबब द्यावीशी वाटते, त्याने कायद्याला नमस्कार केलेला असतो."

म्हणून त्या वह्या. सर निवृत्त झाल्यावर त्यांनी मला त्यांची मोजदाद करायला बसवलं, कारण मी आकड्यांत चुकत नाही अशी त्यांची समजूत होती. तीन रविवार लागले. पहिल्या चार वह्यांत चौथा रकाना एकाही ओळीत रिकामा नव्हता. कुठे तर सबब इतकी लांब, की पुरवणी कागद डकवलेला. पाचव्या वहीत सबबी आखूड झाल्या. सहाव्या वहीत अधूनमधून लाल रेघ दिसू लागली. सातव्या वहीच्या शेवटच्या पन्नास नोंदींत एकोणीस लाल रेघा होत्या.

"लाल रेघ म्हणजे काय सर?"

"काही सांगितलंच नाही. किंवा सांगितलं, की आम्हाला हवं होतं म्हणून घेतलं. न्यायालयाने निकाल दिला तर म्हणाले, ते न्यायालय आम्ही मानत नाही. काहींनी न्यायाधीशांवरच निर्बंध घातले. याला सबब म्हणून लिहू का?" त्यांनी वही माझ्या हातातून घेतली. "मोठे देश आधी सबब द्यायचे बंद करतात. मग मधले त्यांच्याकडे बघतात. मग लहान."

"आणि मग सर?"

"मग तुझा किलोसुद्धा कोणी विचारणार नाही."

मी हसलो. सर हसले नाहीत.

रशीदभाई नशिराबादचे. काटे दुरुस्त करण्याचा परवाना असलेले कारागीर. माझी त्यांची ओळख बावीस वर्षांची, आणि बावीस वर्षांत त्यांनी तपासणीला आणलेला एकही काटा मला परत पाठवावा लागला नाही. दुकानदार म्हणायचे, "अहो रशीदभाई, दहा ग्रॅमचा तर फरक, लावून द्या ना." रशीदभाई काटा त्याच्या पुढ्यात सरकवायचे. "दहा ग्रॅम दुसरीकडे लावून घ्या. माझ्याकडे नाही."

त्यांचा मुलगा अन्वर आयटीआय करून फिटर झाला आणि मुंबईच्या एका एजंटमार्फत तेलवाहू जहाजावर लागला. लहान जहाज, सगळे मिळून सोळा जण. इंजिनरूममध्ये पंप सांभाळायचं काम. दुसऱ्याच फेरीत एका सामुद्रधुनीत एका देशाच्या नौदलाने जहाज पकडलं. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. सरांचीच ती शिस्त होती. नाव सांगितलं की ऐकणारा आधी बाजू घेतो, मग हकिकत ऐकतो.

बारा दिवसांनी अन्वरचा फोन आला. त्यानंतर दर रविवारी दुपारी एकच्या सुमाराला चार मिनिटं बोलू द्यायचे. रशीदभाई माझ्या ऑफिसात आले ते काटा न घेता. असं पहिल्यांदाच घडत होतं.

"साहेब, ते तुमचे सर आहेत ना, जहाजांचे कायदे शिकवायचे?"

मी त्यांना धुळ्याला नेलं. कोणी सांगितलं नव्हतं. मीच नेलं.

सरांनी रशीदभाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सगळ्यात आधी विचारलं, "जहाज पकडण्याचं कारण काय सांगितलं?"

"काही नाही सर. पोरगा म्हणतो, बंदूक दाखवून बोलले, उतरा."

सरांनी सातवी वही उघडली, तीन रकाने भरले आणि पट्टी ठेवून लाल रेघ मारली. मग वही मिटली आणि म्हणाले, "आता आपण यांना कारण द्यायला लावू." सत्तरीला टेकलेला माणूस, पण त्या दिवशी त्यांच्या अंगात विशीतला उत्साह होता. आयुष्यभर पुस्तकातून शिकवलेला विषय पहिल्यांदा त्यांच्या बैठकीत खुर्चीवर येऊन बसला होता.

पुढचे तीन रविवार आम्ही धुळ्यालाच फोन घेतला. तिसऱ्या रविवारी अन्वर घाईत होता. फोन स्पीकरवर होता. समोर सर, बाजूला रशीदभाई, दाराजवळ मी.

"सर, उद्या कागद आणणार आहेत. सही केली की सोडतो म्हणतात."

"काय लिहिलंय कागदात?"

"वर त्यांच्या भाषेत. खाली इंग्रजी. तेल चोरीचं होतं आणि आम्हाला ते माहीत होतं."

"तुला माहीत होतं?"

"मला काय माहीत सर? मी खाली पंपापाशी. टाकीत काय भरलं ते वरच्यांना माहीत."

"मग सही कशी करशील?"

"सगळे करताहेत. कॅप्टन आणि चीफ इंजिनिअरला कागदच दिला नाही. बाकी चौदा जण आहोत. तेरा तयार आहेत."

"आपल्या वकिलातीचा माणूस भेटला का तुला?"

"नाही."

"तो तुझा हक्क आहे. वकिलातींबद्दलच्या कराराचं कलम छत्तीस. पकडलेल्या परदेशी माणसाने मागितलं की त्याच्या देशाच्या वकिलातीला कळवलंच पाहिजे, भेटू दिलंच पाहिजे. त्या देशाने या करारावर सही केलेली आहे. सांग त्यांना. आधी वकिलात, मग कागद."

"सर, इथे कलम कोण ऐकतो?"

रशीदभाईंनी हात जोडले. "सर, करू द्या ना सही. पोरगा घरी तर येईल."

सर शांतपणे म्हणाले, "रशीदभाई, सही केली की तो गुन्हेगार. कबुली दिलेला. पुन्हा कुठल्या जहाजावर घेणार नाहीत. आणि आज सोडतो म्हणाले म्हणून उद्या सोडतीलच, याची हमी काय? तेरा सह्या झाल्या आणि एक नकार राहिला, तर त्या एका नकारावर त्या देशाविरुद्ध खटला उभा राहतो. एक जण तरी नाही म्हणणारा लागतो."

रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "साहेब, तुम्ही काय म्हणता?"

मी म्हणालो, "सर सांगतात तसं करा."

रशीदभाई फोनकडे वाकले. मग म्हणाले, "बेटा, खोट्या काट्यावर आपण कधी शिक्का नाही घेतला. सही नको करू."

मग अन्वर म्हणाला, "ठीक आहे अब्बा," आणि चार मिनिटं संपली.

आम्ही तिघंही काटेकोर माणसं होतो. सर कलमात, रशीदभाई काट्यात, मी आकड्यात. त्या दुपारी आम्ही तिघांनी आपला काटेकोरपणा एका चौथ्या माणसाच्या गळ्यात बांधला आणि काकूंनी केलेलं वांग्याचं भरीत जेवून परत आलो. रशीदभाईसुद्धा जेवले. आपण पोराला वाचवलं असं त्यांना वाटत होतं.

सह्या केलेले तेरा जण अठ्ठावन्नाव्या दिवशी भारतात परतले.

सरांनी पत्रं लिहायला सुरुवात केली. आपल्या मंत्रालयाला, वकिलातीला, सागरी संघटनांना, वेगवेगळ्या मानवाधिकारवाल्यांना. हाताने मसुदा, मग मी ऑफिस सुटल्यावर टाइप करायचा, मग रजिस्टर पोस्ट. एकूण चौसष्ट पत्रं. प्रत्येकाची पोचपावती क्रमांक घालून फाइलला लावलेली. उत्तरं आली तीन. दोघांनी प्रकरणाचा पाठपुरावा चालू असल्याचं कळवलं. तिसरं उत्तर महत्त्वाचं होतं.

त्यासाठी थोडं सांगायला हवं. समुद्रात अडवलेल्या जहाजासाठी भांडण्याचा पहिला हक्क त्या जहाजावर ज्या देशाचा झेंडा असतो त्या देशाचा. जहाज एकाचं, माल दुसऱ्याचा, माणसं आपली, पण झेंडा तिसऱ्याच कुठल्या तरी लहानशा देशाचा, जिथे नोंदणी स्वस्त पडते. अन्वरच्या जहाजावर अशाच एका बेटाचा झेंडा होता. सरांनी त्या बेटाला सात पत्रं लिहिली. एक तर नकाशासह अठरा पानांचं. पाचव्या महिन्यात चार ओळींचं उत्तर आलं, तेही बेटावरून नाही, दुसऱ्याच देशातल्या एका खाजगी कंपनीच्या कचेरीतून. सदर जहाजाचं नाव आमच्या नोंदवहीतून कमी करण्यात आलेलं आहे.

सरांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि माझ्याकडे दिलं. "जहाज पकडल्यावर नाव काढलं," ते म्हणाले. "तारीख बघ. पकडल्यानंतर नऊ दिवसांनी."

"म्हणजे आता?"

"म्हणजे त्या जहाजाला देशच नाही. त्याच्यासाठी कोर्टात उभं राहायला कोणी नाही."

मी विचारलं, हे कायद्यात बसतं का. सर कधी नव्हे ते ओरडले. "बसतं की नाही हे विचारू नकोस मला! आता यापुढे विचारू नकोस!" आतून काकू दारापर्यंत आल्या आणि परत गेल्या.

दर रविवारचा फोन महिन्यातून एकदा येऊ लागला. अन्वरचं बोलणं कमी झालं. खोलीत बारा माणसं, त्यांत आपला कोणी नाही. वकिलातीचा माणूस एकदा येऊन गेला, वीस मिनिटं बसला, साबण आणि बिस्किटं देऊन गेला. तेव्हा सातवा महिना होता. कलम छत्तीस पाळलं गेलं होतं.

त्या महिन्यात सरांनी मला आणि रशीदभाईंना बोलावून घेतलं. दाढी वाढलेली. फोन आला तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले.

"अन्वर, तो कागद अजून आहे का त्यांच्याकडे?"

"आहे म्हणतात सर."

"सही कर."

"सही?" अन्वरने विचारलं.

"ऐकलंस का? मी सांगतोय. सही करून टाक."

"सर, तेव्हा तुम्ही म्हणालात..."

"तेव्हाचं तेव्हा. सही कर."

अन्वरने सही केली. आणि आम्ही ज्याची कल्पना केली नव्हती ते घडलं. ते तेरा जण सुटले तेव्हा त्या देशाला लवकर मिटवायचं होतं. सात महिन्यांत तिकडची हवा बदलली होती. कोणा मोठ्या देशाने त्यांचं एक जहाज धरलं होतं आणि आता त्यांना माणसं सोडायची नव्हती, हातात ठेवायची होती. अन्वरची सही त्यांनी कबुली म्हणून त्यांच्या कोर्टात ठेवली आणि त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. ज्या कागदाने तेरा जण सुटले, त्याच कागदाने चौदावा अडकला.

रशीदभाईंनी हे मला फोनवर सांगितलं. शेवटी म्हणाले, "सरांना सांगा, मला त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही." त्यानंतर ते काटे घेऊन माझ्या ऑफिसात यायचे. काटा टेबलावर ठेवायचे, वजनं लावायचे, शिक्का घ्यायचे आणि जायचे. चहा घेत नसत.

पाचशे एक्क्याऐंशीव्या दिवशी अन्वर सुटला. कशामुळे, ते कोणी सांगितलं नाही. दोन मोठ्या देशांत काही तरी देवाणघेवाण झाली, त्यात वेगवेगळ्या देशांचे बरेच कैदी एकदम सुटले, त्यांत हा एक होता. कोणत्या कलमाखाली, असं कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. पाचशे एक्क्याऐंशी वजा अठ्ठावन्न, पाचशे तेवीस. हा आकडा आमच्या तिघांचा.

तीन आठवड्यांनी अन्वर स्वतःहून माझ्याकडे आला. वजन निम्मं झाल्यासारखा दिसत होता. म्हणाला, "साहेब, मला सरांना भेटायचंय. अब्बा नाही येत म्हणतात. गेलो तर तोंडातून काही निघून जाईल म्हणतात."

आम्ही एसटीने धुळ्याला गेलो. वाटेत तो एवढंच बोलला, की त्या खोलीत खिडकी होती पण खूप वर होती.

सरांनी दार उघडलं. त्यांची आणि अन्वरची ही पहिलीच भेट. आवाज मात्र दोघांच्या ओळखीचे. काकूंनी चहा आणला. सर बसले, चष्मा लावला, टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

"खोलीत बाराच जण होते ना? शेवटपर्यंत?"

"कधी बारा, कधी पंधरा."

"कोर्टात दुभाषी दिला होता का? तारीख आठवते? वकील दिला असेल तर त्याचं नाव?"

अन्वर माझ्याकडे बघू लागला. सर लिहीत होते. "अजून तक्रार करता येते. तिथे नाही, पण दुसरीकडे. मुदत गेलेली नाही. तुझं सगळं म्हणणं मी आधी..."

"सर, बस करा."

पेन थांबलं.

"मला कागद नको," अन्वर म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "मला एकच विचारायचंय. तुम्हाला मुलगा आहे ना?"

"आहे. नागपूरला असतो. बँकेत."

"त्या रविवारी माझ्या जागी तो फोनवर असता, तर तुम्ही त्याला काय सांगितलं असतं?"

काकू दारातच उभ्या होत्या. मला त्या क्षणी अगदी मनापासून वाटत होतं, की सरांनी म्हणावं, त्यालाही हेच सांगितलं असतं. खरं असो वा नसो. एवढं म्हटलं असतं तर अन्वरला निदान आपण कोणाच्या तरी तत्त्वासाठी आत होतो असं मानता आलं असतं. कोणीही हेच म्हटलं असतं.

सरांनी चष्मा काढला. हातातल्या पेनाला टोपण लावलं.

"त्याला मी सही करायला सांगितली असती," ते म्हणाले. "त्याच मिनिटाला."

अन्वरने मान हलवली. कपात उरलेला चहा संपवला. मग उठला, काकूंना "येतो" म्हणाला आणि चपला घातल्या. सर उठायला लागले तर त्याने हातानेच बसा म्हणून सांगितलं.

सर आता कोणाला भेटत नाहीत. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा झोपलेत असं सांगण्यात आलं. वर्तमानपत्र बंद केलंय, असं काकू म्हणाल्या. लोक मला विचारतात, तुमचे ते विक्षिप्त सर कसे आहेत, रुमालवाले? मी म्हणतो, बरे आहेत. विक्षिप्त हा शब्द मला आता पटत नाही. ज्या जगात नियम आहेत असं गृहीत धरून ते वागले ते जग कदाचित एकतीस वर्षं खरंच होतं, किंवा असल्याचं नाटक तरी सगळे नीट करत होते. ते नाटक संपलं तेव्हा सर देवपुरातल्या घरी वहीत रेघा मारत होते, आणि मी एका बापाला हाताला धरून त्यांच्याकडे घेऊन गेलो.

त्या दिवशी परतीच्या गाडीत आम्हाला शेजारी जागा मिळाली. पारोळा मागे पडलं. एरंडोलच्या अलीकडे अन्वर म्हणाला, "साहेब, त्या रविवारी अब्बांनी तुम्हालाही विचारलं होतं. मी फोनवर ऐकत होतो."

"हो."

"तुम्ही म्हणालात, सर सांगतात तसं करा."

"हो."

"तुम्हाला खरंच तसं वाटत होतं?"

वाटत होतं. त्या कागदावर लिहिलं होतं ते खोटं होतं, आणि खोट्यावर सही करू नये. पाचशे तेवीस दिवस मोजून झाल्यावरही मला त्यात चूक सापडलेली नाही. मी पुष्कळ शोधली.

मी म्हणालो, "चुकलं माझं."

मला तसं वाटत नव्हतं. पण त्याला तेवढंच ऐकायचं होतं, आणि मला जळगाव येईपर्यंत त्याच्या शेजारी बसायचं होतं.